जपानमधील लष्करी राजवटीचा उदय कसा अभ्यासावा

बाराव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये राज्यकारभाराची सूत्रे योद्ध्यांच्या हाती गेली आणि मधला अगदी थोडा काळ वगळता ती १८६७ पर्यंत त्यांच्याच हाती राहिली. सम्राटाचे घराणे मात्र या संपूर्ण काळात क्योतोमध्ये नांदत होते आणि कोणताही शोगुन, म्हणजे योद्ध्यांचा सर्वोच्च सत्ताधीश, त्याला हटवून स्वतः सिंहासनावर बसला नाही. नव्याने अभ्यास करणाऱ्याची अडचण येथेच होते. सामुराईंच्या शौर्याच्या कथा कितीही वाचल्या, तरी राजा जागेवर असताना सत्ता दुसऱ्याकडे गेली कशी, याचा उलगडा त्यांतून होत नाही. तो करून घ्यायचा असेल, तर रणांगणावरून नजर काढून शेतजमीन, सारा आणि जमिनीचे तंटे यांकडे वळवावी लागते. तसा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा, कोठे रेंगाळावे आणि कोठून भरभर पुढे जावे, हे पुढे सांगितले आहे.

वही, नकाशा आणि नावे

प्रथम एका वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात जमिनीवर हक्क कोणाचा, दुसऱ्यात सारा प्रत्यक्ष कोण वसूल करतो आणि तिसऱ्यात तंटा उभा राहिल्यास निवाडा कोण करतो, हे लिहावे. वाचनात जी घटना येईल तिचे साल डावीकडे टाकून या तीन प्रश्नांची उत्तरे भरावीत. ज्या घटनेने एकही उत्तर बदलत नाही, ती कितीही नाट्यमय असली तरी एका ओळीत आटोपावी. एप्रिल ११८५ मधील दान-नो-उरा येथील आरमारी लढाई हे याचे ठळक उदाहरण होय. त्या लढाईत तायरा घराण्याचा निःपात झाला आणि बालसम्राट आंतोकू समुद्रात बुडाला. त्यावर शतकानुशतके कथा-गाणी झाली, पण आपल्या रकान्यांत तिच्यामुळे फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो त्याच वर्षाच्या अखेरीस क्योतोहून मिळालेल्या एका परवानगीने, जिच्यावर एकही गाणे रचले गेलेले नाही.

नकाशावर दोन ठिकाणे ठळक करावीत. पश्चिमेकडील डोंगरांच्या कुशीत क्योतो आणि पूर्वेकडील कान्तो मैदानाच्या दक्षिण टोकाशी, तीन बाजूंनी टेकड्या आणि एका बाजूने समुद्र असलेले कामाकुरा. सामान्य प्रवाशाला या दोहोंमधील वाट चालण्यास सुमारे दोन आठवडे लागत. कान्तो हे जपानमधील सर्वांत मोठे मैदान आहे. घोडदळाला आणि नव्याने लागवडीखाली येणाऱ्या जमिनीला तेथे वाव होता आणि दरबाराचा हात तेथवर पोहोचेपर्यंत सैल पडत असे.

नावांचा गोंधळ टाळण्यासाठी वंशावळ आधीच काढून ठेवावी. जपानी नावात घराणे आधी आणि व्यक्तिनाम नंतर येते. मिनामोतो घराण्यात योरियोशी, योशिइए, योशितोमो, योरितोमो, योशित्सुने, योशिनाका अशी एकमेकांत मिसळणारी नावे असल्यामुळे, कोण कोणाचा मुलगा आणि कोण कोणाचा चुलत भाऊ हे कागदावर नसेल तर तिसऱ्या पानावरच वाचक हरवतो.

आरंभ ७४३ पासून करावा

बहुतेक जण ११८० मध्ये पेटलेल्या मिनामोतो-तायरा युद्धापासून सुरुवात करतात. साडेचारशे वर्षे मागे जाणे अधिक फायद्याचे ठरते. चीनच्या धर्तीवर आठव्या शतकाच्या आरंभी घडवलेल्या कायद्यांनुसार सर्व भातशेती राज्याची होती. ती माणशी वाटून दिली जाई आणि धारकाच्या मृत्यूनंतर परत घेतली जाई. ७४३ मध्ये दरबाराने नव्याने लागवडीखाली आणलेली जमीन कायमची खाजगी ठेवण्यास मुभा दिली. लागवड वाढावी हा हेतू होता, आणि ती वाढलीही. पण सरदार घराणी आणि मोठी देवस्थाने यांच्या खाजगी जहागिरी, म्हणजे शोएन, येथूनच वाढू लागल्या. पुढे अनेक शोएनांना साऱ्यात सूट मिळाली, आणि सरकारी तपासनीसांना आत येण्यास मज्जाव करण्याचा हक्कही मिळाला.

याच्याच शेजारी ७९२ ची नोंद करावी. त्या वर्षी बहुतेक प्रांतांत सक्तीच्या सैन्यभरतीची पद्धत बंद करण्यात आली आणि स्थानिक अधिकाऱ्यांच्या घरांतील घोडेस्वार तरुणांवर बंदोबस्त सोपवण्यात आला. राज्याने आपली फौज सोडून दिली आणि बंदोबस्ताचे काम ज्यांच्याकडे घोडा, धनुष्य आणि फुरसत होती त्यांच्याकडे गेले. पुढील काही शतके प्रांतांतील बंडे मोडण्यासाठी दरबार अशाच स्थानिक योद्ध्यांना अधिकारपत्रे देत राहिला. ९३९ मध्ये कान्तोत तायरा नो मासाकादो याने स्वतःला नवा सम्राट म्हणवून घेतले, तेव्हाही त्याला संपवणारे त्याच भागातील योद्धे होते. १०८३ ते १०८७ या काळात ईशान्येकडे लढलेल्या मिनामोतो नो योशिइएला दरबाराने ‘हे तुझे खाजगी युद्ध’ असे म्हणून बक्षीस नाकारले, तेव्हा त्याने सोबत्यांना पदरचे दिले, असे सांगतात. योद्ध्याची निष्ठा कोणाकडे वळणार हे अशा प्रसंगांतून ठरत गेले.

एका घराण्याचा तंटा मुळापासून वाचावा

सर्वसाधारण विधानांवर विसंबण्यापेक्षा एखाद्या घराण्याच्या जमिनीचा माग काढावा. शिमोसा प्रांतातील चिबा घराणे यासाठी उत्तम आहे. तायरा वंशाच्या या घराण्याने सोमा नावाचा मुलूख लागवडीखाली आणला होता. ११३० मध्ये त्यांनी तो इसे येथील महादेवस्थानाला अर्पण केला. अर्पण करणे याचा अर्थ देऊन टाकणे असा नव्हता. वरचा हक्क आणि वार्षिक धान्य देवस्थानाला जाई, देवस्थानाचे नाव लागल्याने प्रांताधिकाऱ्याचा ससेमिरा चुकेल अशी आशा असे, आणि प्रत्यक्ष कारभार मूळ घराण्याकडेच राही. मराठी वाचकाला वतनाची कल्पना असल्यामुळे एकाच शेतावर एकावर एक रचलेले हे हक्क समजण्यास जड जाणार नाहीत.

आशा मात्र फळली नाही. ११३६ मध्ये प्रांताधिकाऱ्याने साऱ्याच्या थकबाकीवरून चिबा घराण्याच्या प्रमुखाला अटक केली आणि जमीन काढून घेतली. मुलगा त्सुनेताने याने थकबाकी भरून हक्क परत मिळवण्याची खटपट केली, तर मध्येच मिनामोतो नो योशितोमोने त्याच जमिनीवर दावा रेटला. पुढे ११६१ मध्ये हिताची प्रांतातील साताके घराण्याने कागद पुढे करून मुलूख गिळंकृत केला. तीस वर्षांत एकाच जमिनीवर चार दावेदार उभे राहिले, आणि चिबा त्सुनेतानेला दाद मागण्यासाठी दूरच्या राजधानीतील वरिष्ठांच्या कृपेवाचून दुसरी जागा नव्हती. त्याच्या वहीचा तिसरा रकाना रिकामाच होता, असे म्हणावे लागेल.

आता ११८० कडे यावे. इझूच्या हद्दपारीतून बंड करून उठलेला मिनामोतो नो योरितोमो इशिबाशियामा येथे पराभूत होऊन समुद्रमार्गे पळाला, तेव्हा त्याला येऊन मिळालेल्या बड्या योद्ध्यांत हाच त्सुनेताने होता. योरितोमो हा योशितोमोचा, म्हणजे त्सुनेतानेच्या जमिनीवर हात टाकणाऱ्याचा मुलगा. तरीही तो त्याच्याकडे गेला, आणि त्याच वर्षी दोघांनी मिळून साताके घराण्यावर चाल केली. साताके हे मिनामोतो वंशाचे होते. मिनामोतो विरुद्ध तायरा ही पाठ्यपुस्तकातील मांडणी येथे कोलमडते. योरितोमोचे सासर होजो, तसेच चिबा, मिउरा, काझुसा, काजिवारा ही त्याच्या बाजूची घराणी स्वतःला तायरा वंशाचीच म्हणवत, आणि योरितोमोच्या हुकमाने मारल्या गेलेल्यांत किंवा मरणाच्या दारी लोटल्या गेलेल्यांत त्याचा चुलत भाऊ योशिनाका आणि सावत्र भाऊ योशित्सुनेही होते. ज्याला आपल्या जमिनीची हमी हवी होती, तो ती देणाऱ्याकडे गेला.

कियोमोरीवर किती वेळ द्यावा

फार नाही, पण त्याला गाळूही नये. ११५६ च्या होगेन आणि ११५९ च्या हेजी या राजधानीतील दोन चकमकींत निवृत्त सम्राट, सम्राट आणि फुजिवारा सरदार यांनी आपापसांतील भांडणे सोडवण्यासाठी योद्धे वापरले. होगेननंतर योशितोमोला स्वतःच्या पित्याला मृत्युदंड द्यावा लागला, आणि राजधानीत सुमारे साडेतीनशे वर्षे स्थगित असलेली देहदंडाची शिक्षा पुन्हा अमलात आली. या दोन्ही प्रसंगांतून वर आलेला तायरा नो कियोमोरी ११६७ मध्ये दरबारातील सर्वोच्च मंत्रिपदावर बसला, त्याने मुलीचा विवाह सम्राटाशी लावला आणि ११८० मध्ये नातवाला सिंहासनावर बसवले. हे सारे फुजिवारांनी दोनशे वर्षे वापरलेले जुनेच डाव होत. तलवारीच्या बळावर तो आला खरा, पण राज्य त्याने दरबारी पद्धतीने केले. प्रांतांतील योद्ध्याचा तिसरा रकाना त्याच्याही काळात रिकामाच राहिला. म्हणून ‘पहिला योद्धा सत्ताधीश’ हे त्याचे वर्णन बरोबर असले, तरी लष्करी राजवटीची स्थापना त्याच्या नावावर मांडू नये असे माझे मत आहे.

११८० ते ११९२ सावकाश वाचावे

या बारा वर्षांवर जितका वेळ द्यावा तितका थोडाच. नोव्हेंबर ११८० मध्ये फुजी नदीकाठी तायरांची फौज मागे फिरली, तेव्हा योरितोमोला पाठलाग करून थेट क्योतो गाठायचे होते. चिबा, मिउरा आणि काझुसा यांच्या प्रमुखांनी त्याला थांबवले आणि आधी पूर्वेकडचा बंदोबस्त करावा असे सुचवले. माघारी फिरल्यावर लगेचच त्याने आपल्या माणसांना त्यांच्या जमिनी कायम केल्या आणि शत्रूंकडून घेतलेल्या जमिनी वाटून दिल्या. हे करण्याचा कोणताही कायदेशीर अधिकार त्याला नव्हता. दरबाराच्या दृष्टीने तो त्या क्षणी बंडखोर होता. मला विचाराल तर लष्करी राजवटीचा खरा जन्मदिवस हाच. सनद देणारा बेकायदा असला, तरी ती घेणाऱ्यांना ती पुरेशी वाटली.

त्यानंतर संस्था उभ्या राहिल्या. त्याच वर्षी योद्ध्यांवर देखरेख करणारे सामुराई-दोकोरो स्थापन झाले. ११८४ मध्ये दप्तराचे कार्यालय आणि तंटे ऐकणारे मोंचुजो सुरू झाले. या कार्यालयांत कोण बसले, हे अवश्य पाहावे. दप्तर ओए नो हिरोमोतोकडे आणि तंटे मियोशी यासुनोबूकडे होते. दोघेही क्योतोहून आलेले, कायदा आणि लेखन जाणणारे मुलकी अधिकारी होते. लष्करी राजवट म्हणताच छावणीचे चित्र डोळ्यांसमोर येते, पण कामाकुरातील रोजचे काम कज्जे, साक्षी, जुनी कागदपत्रे आणि हक्कपत्रांच्या नकला यांचे होते.

दरबाराशी संबंध तीन टप्प्यांत नोंदवावेत. ११८३ मध्ये दरबाराने पूर्व प्रांतांतील योरितोमोचा अधिकार मान्य केला आणि त्याबदल्यात तेथील सारा पुन्हा राजधानीकडे पाठवण्याचे त्याने कबूल केले. ११८५ च्या अखेरीस निवृत्त सम्राट गो-शिराकावाने योशित्सुनेच्या आग्रहावरून योरितोमोविरुद्ध फर्मान काढल्याची संधी साधून योरितोमोने आपला सासरा होजो तोकिमासा याला फौजेसह क्योतोत पाठवले आणि प्रांतोप्रांती शुगो, तर जहागिरींवर जितो नेमण्याची परवानगी मिळवली. शुगो हा प्रांताचा लष्करी बंदोबस्त पाहणारा. जितो हा एखाद्या शोएनावर बसून सारा गोळा करणारा, मालकाचा वाटा पोहोचवणारा आणि स्वतःचा वाटा ठेवणारा. जितोला काढून टाकण्याचा अधिकार जमिनीच्या मालकाला नव्हता, तो फक्त कामाकुराला होता, आणि सगळी मेख येथेच आहे. तिसरा टप्पा ११९२ चा. गो-शिराकावाच्या मृत्यूनंतर योरितोमोला शोगुनपद मिळाले. शाळेत हेच साल पाठ करून घेतले जाते, पण आपल्या वहीत त्यासमोर तिन्ही रकान्यांत ‘बदल नाही’ असेच लिहावे लागेल.

या काळासाठी मुख्य आधार म्हणजे कामाकुराच्या राजवटीनेच पुढे संकलित केलेला ‘आझुमा कागामी’ हा इतिवृत्तग्रंथ. त्याचा वृत्तान्त ११८० पासून १२६६ पर्यंत येतो, आणि तो होजोंच्या वर्चस्वाच्या काळात तयार झाल्यामुळे त्यांना झुकते माप देतो. विशेष म्हणजे ११८३ च्या घडामोडींचा भागच त्यात उपलब्ध नाही. त्या वर्षीची तडजोड आपल्याला क्योतोतील एका वरिष्ठ सरदाराच्या रोजनिशीतून कळते. म्हणून दोन्ही बाजूंची कागदपत्रे शेजारी ठेवून वाचण्याची सवय येथूनच लावून घ्यावी.

१२२१: एका जहागिरीवरून पेटलेले युद्ध

योरितोमो ११९९ मध्ये वारला आणि १२१९ मध्ये त्याचा धाकटा मुलगा शोगुन सानेतोमो त्सुरुगाओका हाचिमान देवळाच्या आवारात पुतण्याच्या हातून मारला गेला. वंश संपला, राजवट संपली नाही. क्योतोहून फुजिवारा कुळातील एक तान्हे मूल आणून पुढे त्याला शोगुन केले गेले आणि कारभार होजो घराण्यातील शिक्केन, म्हणजे कारभारी, पाहू लागले. मराठी वाचकाला येथे सातारा आणि पुणे आठवणे स्वाभाविक आहे. ती तुलना करायचीच असेल, तर शोगुन आणि शिक्केन यांच्या नात्यापुरती करावी. सम्राट आणि शोगुन यांना लावू नये, कारण कामाकुराचे सरकार हे दरबाराच्या मंत्र्याचे कार्यालय नव्हते, ते वेगळ्या गावातील वेगळे सरकार होते.

निवृत्त सम्राट गो-तोबाने आपल्या मर्जीतील कामेगिकू या स्त्रीच्या सेत्सू प्रांतातील नागाए आणि कुराहाशी या जहागिरींवरील जितो काढून टाकण्याची मागणी केली. शिक्केन होजो योशितोकीने नकार दिला. एक जितो हलवला, तर सगळ्यांच्याच सनदा डळमळतील, हे त्याने ओळखले होते. १२२१ मध्ये गो-तोबाने त्याच्याविरुद्ध फर्मान काढले, तेव्हा योरितोमोची विधवा होजो मासाको हिने योद्ध्यांना गोळा करून योरितोमोच्या उपकारांची आठवण करून दिली. ‘आझुमा कागामी’ सांगतो की योशितोकीचा मुलगा, सेनापती यासुतोकी, केवळ १८ स्वारांसह निघाला आणि फौज वाढत वाढत १ लाख ९० हजारांवर गेली. असे आकडे वहीत घ्यावेत, पण पुढे ‘ग्रंथाचे म्हणणे’ असे लिहून घ्यावे.

सुमारे महिनाभरात युद्ध संपले. गो-तोबाला ओकी बेटावर धाडण्यात आले आणि त्याच्या पक्षाच्या सुमारे ३,००० जहागिरी जप्त होऊन त्यांवर नवे जितो आले. त्यांच्यासाठी दर ठरला तो असा: दर ११ चो जमिनीमागे १ चो त्यांची, आणि दर तान जमिनीमागे ५ शो तांदूळ (चो आणि तान ही जमिनीची मापे, शो हे धान्याचे). क्योतोतच रोकुहारा येथे कामाकुराचे कायमचे प्रतिनिधी बसले. आतापर्यंत पूर्वेपुरती असलेली व्यवस्था पश्चिमेच्या गावागावांत शिरली ती या वर्षी.

कायदा वाचताना

१२३२ चा ‘गोसेइबाइ शिकिमोकू’ हा ५१ कलमांचा कायदा संपूर्ण वाचण्याजोगा आहे, तो फार मोठा नाही. तेव्हा शिक्केन असलेल्या यासुतोकीने आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात, दरबारी कायदा सामान्य योद्ध्याला वाचता येत नाही, म्हणून त्यांना कळेल असा हा कायदा केला, असे सांगितले आहे. सुरुवात आठव्या कलमापासून करावी: २० वर्षे प्रत्यक्ष वहिवाट असेल, तर मूळ हक्क कोणाचा याची चौकशी न करता तो हक्क कायम राहील. त्सुनेतानेच्या तीस वर्षांच्या फरफटीला हे उत्तर होते. तिसरे कलम शुगोच्या अधिकारांना मर्यादा घालते, आणि तेविसावे अपत्यहीन स्त्रीला दत्तक घेऊन त्याला जमीन देण्यास मान्यता देते. योद्ध्यांच्या राजवटीने आपल्याच योद्ध्यांना आवर घालण्यासाठी कायदा केला, हे लक्षात ठेवून वाचल्यास कलमांचा क्रमही उलगडतो.

१२७५ ची दोन कागदपत्रे

शेवटचा स्वाध्याय म्हणून एकाच वर्षातील दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात. क्यूशू बेटावरील हिगो प्रांतातील ताकेझाकी सुएनागा हा बारका योद्धा १२७४ मध्ये स्वारी करून आलेल्या मंगोलांशी मोजक्या स्वारांनिशी लढला, पण आपण आघाडीवर होतो याची नोंद वर गेली नाही म्हणून बक्षीस मिळाले नाही. १२७५ मध्ये घोडा आणि खोगीर विकून त्याने वाटखर्च उभा केला, कामाकुरा गाठले आणि बक्षिसांचे काम पाहणाऱ्या आदाची यासुमोरीसमोर तो उभा राहिला. किती मुंडकी आणलीस, या प्रश्नाला दाखवण्याजोगे उत्तर नसतानाही तो हटला नाही. अखेर हिगोतील काइतो गावाचे जितोपद आणि एक घोडा घेऊन परतला. त्याने हा सारा प्रसंग पुढे चित्रांच्या गुंडाळीवर रंगवून घेतला, आणि ती गुंडाळी आजही आहे.

त्याच वर्षी किइ प्रांतातील आतेगावा येथील शेतकऱ्यांनी आपल्या जितोविरुद्ध मालकाकडे १३ कलमांची तक्रार केली. ती काताकाना या साध्या लिपीत, बोलीच्या वळणाने लिहिलेली आहे. लाकूड वेळेवर पोहोचले नाही, कारण जितो आम्हाला आपल्या कामाला जुंपतो आणि गव्हाच्या पेरणीला नकार दिल्यास बायकापोरांचे कान कापीन, नाक छाटीन, केस भादरून जोगिणी करीन, अशी धमकी देतो, असे ते सांगतात. सुएनागाने ज्या पदासाठी घोडा विकला, तेच हे पद.

दोन्ही कागद वाचून तीन रकाने पुन्हा भरावेत. मालकाचा हक्क कागदावर शाबूत आहे, वसुली जितोकडे गेली आहे, आणि योद्ध्याला दाद मागण्यास कामाकुरा आहे. शेतकऱ्याला मात्र अजूनही मालकाच्या तोंडाकडेच पाहावे लागते. यापुढील वाचनात मंगोल युद्धांनंतर वाटायला जमीनच उरली नाही, हा धागा पकडावा. १२९७ मध्ये गोकेनिनांनी, म्हणजे कामाकुराच्या बांधील योद्ध्यांनी, विकलेल्या आणि गहाण टाकलेल्या जमिनी त्यांना परत देण्याचा हुकूम निघाला. त्यातून कर्ज मिळणेच दुरापास्त झाले. १३३३ मध्ये कामाकुरा पडले, १३३८ मध्ये आशिकागा ताकाउजी शोगुन झाला, आणि १३५२ मध्ये ओमी, मिनो आणि ओवारी या तीन प्रांतांत शोएनांचे अर्धे उत्पन्न फौजेच्या खर्चासाठी शुगोंच्या हाती देण्यात आले. तेथे दुसऱ्या रकान्यातील जितो खोडून शुगो लिहावा आणि वहीचे नवे पान सुरू करावे.